बारावी ५८ टक्के, सीईटी ६८ पर्सेंटाइल: इंजिनिअरिंगला नेमकं काय धरतात?

वावरवाला (धागा काढणारा)

नमस्कार मंडळी. भाच्याच्या प्रवेशाबद्दल विचारायचं आहे. बहीण दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. घरची कोरडवाहू शेती आणि घरात सायन्सला गेलेलं हे पहिलंच पोरगं, त्यामुळे माहिती देणारं जवळचं कोणी नाही.

बारावीची मार्कशीट अशी: इंग्रजी ६६, मराठी ८१, फिजिक्स ४४, केमिस्ट्री ४९, मॅथ्स ४१, बायोलॉजी ७२. ६०० पैकी ३५३, म्हणजे ५८.८३ टक्के. सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) फक्त पीसीएमची, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सची दिली, त्यात ६८ पर्सेंटाइल. दाजींनी ते ६८ टक्के समजून गावभर पेढे वाटले.

आता गावात तीन मतं आहेत. एक जण म्हणतो, बारावीला काडीची किंमत नाही, सगळं सीईटीवर. दुसरे म्हणतात, ५८ टक्के आहेत, कुठंही लागतो नंबर. तालुक्याचा नेट कॅफेवाला म्हणाला, ‘याचं पीसीएम ४५ टक्के भरत नाही, फॉर्म भरून पैसे वाया घालवू नका.’ हे ऐकल्यापासून पोरगं जेवत नाही. दाजी म्हणतात, बोर्डात जाऊन एक मार्क वाढवून आणतो, अमरावतीची गाडी किती वाजता आहे.

ओबीसी आहे. जातीचा दाखला आहे, व्हॅलिडिटी (जात वैधता) काढलेली नाही. कोणाला नक्की माहीत असेल तर सांगा. पेरण्या तोंडावर आहेत, दाजींना रोज रोज तालुक्याला जाणं जमत नाही.

बिनखडूचे सर

वावरवाले भाऊ, आधी पोराला जेवायला घाला. नोकरी सगळी ज्युनिअर कॉलेजात गेली, दरवर्षी जूनमध्ये हाच गोंधळ बघत आलो. तुमच्या तिन्ही मतांत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच घोळ होतो.

बारावीचा निकाल प्रवेशात दोन वेगवेगळी कामं करतो, आणि कोणत्या कोर्सला कोणतं काम करतो हे वेगळं असतं. बीए, बीकॉम, साधं बीएस्सी, डीएलएड (जुनं डीएड), डीफार्म यांना बारावीचे मार्क हेच मेरिट. इंजिनिअरिंग, बीफार्म, मेडिकल यांना बारावी म्हणजे फक्त पात्रता. तिथं ठरावीक आकडा पार केला की बारावीचं काम संपलं, पुढचा क्रम प्रवेश परीक्षेचा. ९० टक्केवाला आणि ५० टक्केवाला दोघंही सारखेच पात्र. बारावीचे मार्क पुन्हा वर येतात ते फार तर दोघांचा सीईटी स्कोअर सगळीकडून जुळला तर, आणि पर्सेंटाइल सात दशांशांपर्यंत देतात म्हणून तशी वेळ क्वचित येते.

आता पात्रतेचा आकडा. इंजिनिअरिंगला खुल्या वर्गासाठी ४५ टक्के, राज्यातल्या मागासवर्गीयांना ४० टक्के. हे एकूण टक्केवारीवर नाही, ग्रुपवर मोजतात. तीन विषय, ३०० मार्क. ४५ टक्के म्हणजे १३५, ४० टक्के म्हणजे १२०. भाच्याची फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सची बेरीज १३४. नेट कॅफेवाल्याला तो एक मार्क दिसला आणि त्यानं पोराला घरी पाठवलं. पण तो ओबीसी आहे हे त्यानं विचारलंच नाही. १२० लागतात, १३४ आहेत. पात्र आहे.

मराठीचे ८१ मार्क इथं कामाचे नाहीत, वाईट वाटतं पण तसंच आहे. ५८.८३ टक्के ही संख्या इंजिनिअरिंगसाठी जवळजवळ कुठंच वापरली जात नाही.

पोट्टं नंबर वन

पर्सेंटाइलचं मी सांगतो, कारण आमच्या घरीबी असेच पेढे वाटले होते 😀

भाऊ, ६८ पर्सेंटाइल म्हंजे ६८ टक्के नाई. तुमच्या भाच्याच्या शिफ्टमंदी १०० पोट्टे बसले असं धरा. त्यातले ६८ त्याच्या मागं हायेत नाईतं त्याच्या बरोबरीत, अन् ३२ पुढं. बस. पेपर २०० मार्काचा राह्यते. गणिताले दोन मार्काचा प्रश्न, फिजिक्स-केमिस्ट्रीले एक-एक. निगेटिव्ह नसते. शिफ्टा लय राह्यतेत, कोणाले सोपा पेपर येते कोणाले कठीण, म्हून मार्क तसेच न लावता पर्सेंटाइल काढतेत. आपल्या शिफ्टमंदी आपण कुठं, एवढंच ते सांगते.

दाजीले सांगा, पेढे वाया नाई गेले. ३२ पोट्टे पुढं असले तरी जागा लय हायेत. पण सरकारी कॉलेजात कम्प्युटर पाह्यजे म्हनसान तं ते इसरा.

वावरवाला

सर, फार आभार. बहिणीला फोन करून सांगितलं. पण व्हॅलिडिटी नाही त्याचं काय? दाखल्यावर चालेल ना?

सेतूतला माणूस

इथंच गाडी अडते. मी सेवा केंद्र चालवतो, त्यामुळे जून-जुलैत माझ्याकडं रडणारे बाप रोज येतात.

ओबीसी म्हणून जागा हवी तर कागद तीन: जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन क्रिमीलेयर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला). नॉन क्रिमीलेयर पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालू असलेलं लागतं. मागच्या वर्षी स्कॉलरशिपसाठी काढलेलं ड्रॉवरमध्ये असतं, लोक तेच आणतात, आणि ते ३१ मार्चलाच संपलेलं असतं. तारीख बघा भाऊ, तारीख. उत्पन्नाचे कागद, तलाठ्याचा अहवाल, मग उपविभागीय अधिकाऱ्यांची सही, यात दिवस जातात. आजच टाका.

वैधता ही त्याहून मोठी गोष्ट. ती तहसीलात मिळत नाही, जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून मिळते. अर्ज कॉलेजच्या शिक्क्यानं जातो आणि तो खरं तर अकरावीत असतानाच टाकायचा असतो. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबाच्या नाहीतर पणजोबाच्या नावासमोर जात लिहिलेला कागद. आपल्याकडं सगळ्यात उपयोगाची कोतवाल बुकाची नक्कल, त्यानंतर जुन्या शाळेचा दाखल-खारीज उतारा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर कोतवाल बुकच. जन्ममृत्यूच्या त्या नोंदीत नाव कसं लिहिलंय तेही नीट बघा. एका कागदावर ‘महादेव’ आणि दुसऱ्यावर ‘म्हादू’ असलं की समितीत प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. भाच्याच्या काकाची किंवा सख्ख्या चुलत भावाची वैधता आधी निघाली असेल तर मात्र काम पुष्कळ सोपं होतं. वडिलांच्या बाजूचं रक्ताचं नातं लागतं. मामाची चालत नाही, तुम्ही आपली घेऊन धावू नका.

वैधता नसताना प्रवेशाचं काय होईल ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं, अर्ज केल्याची पावती आणि मुदत वगैरे. ऐकीव माहितीवर जाऊ नका. पण एक धरून चाला: कागद वेळेत आला नाही तर अर्ज खुल्या वर्गात जातो. आणि खुल्या वर्गात गेला की सरांचे ते १३५ परत समोर येतात.

वावरवाला

म्हणजे एका मार्कानं परत बाहेर?? काका-चुलत्यात कोणाची वैधता आहे का ते विचारतो. दाजी तर आता अमरावतीला निघायच्या तयारीत आहेत.

टॉर्क ताई

दाजींना थांबवा! मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, अमरावतीत. माझी मैत्रीण याच दारातून आत आली.

इंजिनिअरिंगच्या ग्रुपमध्ये तिसरा विषय केमिस्ट्रीच पाहिजे असं नाही. केमिस्ट्रीच्या जागी बायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, टेक्निकल-व्होकेशनल असे विषयही धरतात. भाच्याला बायोलॉजीत ७२ आहेत. फिजिक्स ४४, मॅथ्स ४१, बायोलॉजी ७२, बेरीज १५७. म्हणजे ५२.३३ टक्के. खुल्या वर्गातूनही पात्र. वैधता येवो न येवो, तो फॉर्म भरू शकतो. सीईटीत मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच लागतं, ते त्यानं दिलेलं आहे.

फॉर्म भरताना बारावीचे विषयवार मार्क टाकायचे असतात. नेट कॅफेत बायोलॉजीचा रकाना तसाच रिकामा सोडून पुढं जातात, ‘पीसीएमवाला आहे ना’ म्हणून. तिथं भाच्याला स्वतः शेजारी बसवा. आणि फॉर्म पक्का करण्याआधी प्रिंट काढून मार्कशीटशी एक-एक आकडा ताडून बघा.

वैधता तरीही काढाच. पात्रता वेगळी, आरक्षणाची जागा वेगळी आणि फी वेगळी. तिन्हीकडं तोच कागद लागतो.

वावरवाला

ताई 🙏🙏 काय बोलू. फोनवर पोराला १५७ सांगितले तर म्हणतो, ‘मामा, बायोलॉजी तर मी सोडणार होतो अकरावीत.’

बिनखडूचे सर

टॉर्क ताईंनी सांगितलं ते बरोबर आहे. बायोलॉजी धरला की बीफार्मचंही दार उघडं आहे. तिथं फिजिक्स-केमिस्ट्री सक्तीचे, तिसरा मॅथ्स किंवा बायोलॉजी. ४४, ४९, ७२ म्हणजे १६५. पीसीएमच्या सीईटीवरही बीफार्मचा अर्ज करता येतो. विचारात ठेवा.

बोर्डाच्या एका मार्काबद्दल. आता गरज उरली नाही, पण दुसऱ्या कोणाला लागेल म्हणून लिहितो. विभागीय मंडळाच्या कार्यालयात जाऊन कोणी मार्क वाढवून देत नाही. अर्ज ऑनलाइन, तोही निकालानंतरच्या ठरलेल्या मुदतीत. नुसत्या गुणपडताळणीला विषयामागे ५० रुपये, उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीला ४००, पुनर्मूल्यांकनाला ३००. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन मागता येत नाही. छायाप्रत आधी विषयाच्या शिक्षकाला दाखवा. तपासायचा राहिलेला प्रश्न किंवा चुकलेली बेरीज दिसली तरच पुढचे ३०० घाला. ‘दोन मार्क कमी दिले असं वाटतं’ यावर काही होत नाही. आणि ज्याला खरोखरच मार्क वाढवायचेत त्याला श्रेणीसुधारचा मार्ग आहे, परत परीक्षेला बसून.

संत्र्याची बाग

अवांतर होईल, पण याच्याशी जोडूनच आहे. मुलगी यंदा दहावी झाली. आम्ही वरुडचे. नातेवाईक म्हणतात लातूरला टाका, तिथं क्लास चांगले. बारावी तिथून केली तर पुढं काही अडचण येते का? जागा कमी होतात असं कोणी तरी म्हणालं.

टॉर्क ताई

काकू, मेडिकल आणि इंजिनिअरिंगचं वेगवेगळं आहे.

इंजिनिअरिंगला ‘होम युनिव्हर्सिटी’ धरतात, आणि ती बारावी कुठून केली त्यावर ठरते, घर कुठं आहे त्यावर नाही. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ हे पाच जिल्हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया नागपूर विद्यापीठात. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ पासून गोंडवाना विद्यापीठात. वरुडची मुलगी लातूरला बारावी झाली तर तिची होम युनिव्हर्सिटी नांदेडची होते. ज्या कॉलेजात हा नियम लागतो तिथं ७० टक्के जागा होमवाल्यांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना. म्हणजे अमरावतीत घरी राहून शिकायचं ठरलं तर ती स्वतःच्याच जिल्ह्यात बाहेरची.

कटऑफच्या याद्या बघाल तेव्हा जागेच्या कोडचं शेवटचं अक्षर बघा. एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यभरातले सगळे एकत्र. स्वायत्त सरकारी कॉलेजांत एस जास्त दिसतो, तिथं लातूरची बारावी आणि वरुडची बारावी सारखीच. लोक कटऑफ बघताना ओपनचा पहिला दिसेल तो आकडा उचलतात आणि ‘एवढं लागतं बाप्पा’ म्हणून घाबरतात.

पोट्टं नंबर वन

म्हूनच आमच्या इकडं नाव गावच्या कॉलेजात अन् पोट्टं नागपूरच्या क्लासमंदी. प्रॅक्टिकलले तेवढं येते. काकू, मी सांगितलं म्हून करू नोका, हजेरीवर बोर्ड कडक होऊन राह्यलं.

आर्वीची आई

मेडिकलचं मी सांगते, याच भट्टीतून आत्ता बाहेर पडलेय. मुलीला बारावीला ८८ टक्के. सगळे म्हणाले डॉक्टर पक्की. नीटचा निकाल आला आणि घरात कोणी कोणाशी बोलेना.

मेडिकलला बारावीचं काम फक्त एवढं: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, राखीव वर्गाला ४०, इंग्रजी विषय घेऊन. बाकी सगळं ७२० मार्कांची नीट. तिथं चुकलं की मार्क कापतात, सीईटीसारखं नाही. सरकारी कॉलेजच्या ८५ टक्के जागा राज्याच्या, १५ टक्के देशभरातल्या मुलांना.

पूर्वी विदर्भाच्या मुलांसाठी ७०:३० होतं. विदर्भातल्या कॉलेजांच्या राज्य कोट्यातल्या ७० टक्के जागा विदर्भात शिकलेल्यांना. २०२० मध्ये ते काढलं. आता यवतमाळच्या, अकोल्याच्या, चंद्रपूरच्या, गोंदियाच्या सरकारी मेडिकलच्या जागेवर पुण्या-लातूरच्या मुलांचा तेवढाच हक्क, आणि त्यांच्याकडच्या जागांवर आपला. कागदावर समान आहे. आमच्या गावात अकरावी-बारावी दोन वर्षं फिजिक्सला कायम शिक्षक नव्हता, ते कोणत्या कागदावर मोजायचं? सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजची तर पूर्वी स्वतःची परीक्षा होती, त्यात गांधीविचारांचा एक पेपर असायचा. आता तिथंही नीटच.

त्यामुळे काकू, मेडिकलसाठी लातूर की वरुड यानं जागांचा फरक पडत नाही. शिकवण्याचा पडतो, आणि खर्चाचा.

पांढरं सोनं

आर्वीच्या ताईंशी सहमत. माझा राग असा आहे की बारावीची परीक्षा मग घेताच कशाला? मी १९९६ ला बारावी झालो. तेव्हा इंजिनिअरिंगला पीसीएमची बेरीज हेच मेरिट होतं. पुस्तक होतं, गावातले सर होते, रॉकेलचा कंदील होता, आणि मार्क पडले की प्रवेश होत होता. क्लास नावाची गोष्ट जिल्ह्याच्या गावाला. आता बोर्डाचा अभ्यास वेगळा, सीईटीचा वेगळा, आणि दुसऱ्याची फी लाखात. गरिबाच्या पोराला बारावीत मार्क मिळवता येतात, पण सीईटीत चार पर्याय बघून मिनिटभरात टिक करायची सवय क्लासशिवाय लागत नाही.

तमिळनाडूनं बघा, २००७ पासून इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा बंदच केली. मॅथ्सचे १०० आणि फिजिक्स-केमिस्ट्रीचे ५०-५०, असे २०० वर बारावीच्याच मार्कांची यादी लावतात. वर सरकारी शाळेतल्या मुलांना साडेसात टक्के जागा वेगळ्या, आधी मेडिकलला दिल्या, मग इंजिनिअरिंगलाही. हे आपल्याकडं का होऊ नये?

बिनखडूचे सर

सोनं भाऊ, तुमचा मुद्दा पटतो आणि पटतही नाही. १९९६ च्या मार्कांना किंमत होती कारण तेव्हा ८० टक्के म्हणजे तालुक्यात पहिला. पुढं काय झालं ते मी पर्यवेक्षक म्हणून आतून बघितलंय. काही केंद्रांवर भिंतीवर चढून चिठ्ठ्या टाकणारे बाहेर, आणि आत प्रॅक्टिकलचे ३० पैकी २९ सगळ्यांना. सरळ लिहिणाऱ्या पोराच्या शेजारी कॉपीवाला बसतो आणि दोघांचे मार्क एकाच यादीत येतात. त्यावर मेरिट लावलं असतं तर मेहनती पोरगंच मेलं असतं. सीईटीनं ते तरी थांबवलं.

मधला रस्ताही करून झालाय. २०१४ ला राज्यानं इंजिनिअरिंगला जेईई मेन (देशपातळीवरची परीक्षा) आणि बारावी असे निम्मे-निम्मे गुण धरले होते. गावाकडच्या पोरांना जेईईचा पेपर झेपेना. २०१६ पासून पुन्हा आपली सीईटी, अभ्यासक्रम राज्य बोर्डाचाच, आता ८० टक्के बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा. म्हणून मी मुलांना सांगायचो, बोर्डाचं पुस्तकच ओळ न् ओळ वाचा, सीईटीचं निम्मं काम तिथंच होतं.

पांढरं सोनं

सर, कॉपी थांबवता येत नाही म्हणून परीक्षाच निकामी करायची, हे मला चोराच्या भीतीनं पेरणीच न करण्यासारखं वाटतं. असो. धागा भाच्याचा आहे, भांडण वेगळीकडं करू.

सेतूतला माणूस

क्लासवरून आठवलं. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना नागपूरची महाज्योती संस्था सीईटी-नीटचं ऑनलाइन प्रशिक्षण फुकट देते, टॅब आणि इंटरनेट डेटासकट. अर्ज दहावी झाल्यावर, सायन्सला नाव घातल्यावर. भाच्याला आता उपयोग नाही, पण संत्र्याच्या बागवाल्या काकूंची मुलगी त्यात बसत असेल तर बघा. जाहिरात कधी निघते आणि कधी संपते कळत नाही, अधूनमधून साइट उघडत राहा.

झाडीपट्टी

सगळे इंजिनिअरिंग-मेडिकलवर बोलतात. आमच्या कुरखेड्याकडं अर्धी मुलं आर्ट्सची. बहिणीला बारावी कलाला ७१ टक्के आहेत. तिला कोणत्या कामाचे?

बिनखडूचे सर

ताईला ते ७१ टक्के खरे कामाचे. बीएला थेट गुणवत्तेवर प्रवेश, आणि चांगल्या कॉलेजची यादी वरून लागते. डीएलएडलाही बारावीचेच मार्क, खुल्या वर्गाला ४९.५ टक्के, राखीवला ४४.५ किमान, पुढं मेरिट. नर्सिंगमध्ये जीएनएम डिप्लोमाला कोणत्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी आणि ४० टक्के असले की. बीएस्सी नर्सिंगला मात्र सायन्स आणि वेगळी सीईटी. पाच वर्षांच्या लॉलाही सीईटी आहे, तिचा फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आसपासच भरून जातो, निकालानंतर विचारणाऱ्याला वर्षभर थांबावं लागतं. बीबीए-बीसीएलाही २०२४ पासून सीईटी आली, हे पुष्कळांना जुलैत कळतं.

आणि वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयासारखं केंद्रीय विद्यापीठ डोक्यात असेल तर त्यासाठी सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, २०२२ पासून.

झाडीपट्टी

लॉच पाहिजे होतं तिला. कोणी सांगितलंच नाही. बरं, यंदा बीएला नाव घालतो आणि पुढच्या वर्षी सीईटी.

वावरवाला

मंडळी, खबर. भाच्याच्या चुलत काकाची वैधता निघाली. म्हणजे काकाच्या मुलीनं नर्सिंगसाठी काढली होती, डब्यात ठेवलेली. कॉलेजकडून अर्ज गेला, पावती मिळाली. नॉन क्रिमीलेयर तहसीलात टाकलं. सीईटी सेलच्या साइटवर नोंदणी केली, बायोलॉजीसकट सगळे मार्क भरले, एफसीवर, म्हणजे तपासणी केंद्रावर, कागदही तपासून झाले.

आता कॉलेजांची यादी भरायची आहे. दाजींचं म्हणणं, यवतमाळचं सरकारी टाकू आणि एक-दोन जवळची, बस. भाचा कम्प्युटरशिवाय काही नको म्हणतो. शिवाय बहिणीची धाकटी पुढच्या वर्षी बारावीत आहे, फीचं ओझं दोघांचं येणार.

टॉर्क ताई

एक-दोन टाकून थांबू नका. ६८ वर सरकारी कम्प्युटर लागणार नाही, पण सरकारीतली सिव्हिल-मेकॅनिकल आणि खासगीतली सगळी ब्रँच, जे जे खरंच घ्यायची तयारी आहे ते सगळं भरा. क्रम आवडीचाच लावा, ‘लागेल असं’ वर ठेवू नका. वरचं नाही लागलं तर मशीन आपोआप खाली येतं, खालचं आधी देऊन वरचं काढून घेत नाही. पण एक ध्यानात ठेवा: पहिल्या फेरीत पहिल्याच नंबरचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीला थांबता येत नाही. म्हणून पहिल्या नंबरावर दाजींना बरं वाटावं म्हणून काही टाकू नका.

उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे ना? मग टीएफडब्ल्यूएसच्या जागाही भरा. ज्या कोर्सच्या कोडच्या शेवटी टी असतो तो. त्यात ट्यूशन फी माफ. जागा थोड्या, कटऑफ वर जातो, पण भरायला काही पैसे पडत नाहीत. साध्या कोडच्या वर त्याच कॉलेजचा टी कोड ठेवा.

धाकटीचं टेन्शन उलट कमी आहे. ८ जुलै २०२४ च्या जीआरनं ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसीमधल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, उत्पन्न आठ लाखांपर्यंत. फक्त प्रवेश कॅपमधून (सीईटी सेलच्या केंद्रीय फेऱ्यांतून) पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही.

सेतूतला माणूस

आणि धाकटीच्या वैधतेचा अर्ज आत्ता, याच महिन्यात. भावाची निघाली की तीच जोडा.

वावरवाला

दाजी शेजारीच बसलेत, वाचून दाखवलं. ते विचारतात, टी कोड टाकला आणि साधाही टाकला तर दोन्हीकडून हजार-हजार रुपये मागतील का?

टॉर्क ताई

नाही. हजार रुपये भरायचे ते जागा लागल्यावर, ती स्वीकारताना. यादी कितीही लांब असली तरी फेरीत जागा एकच लागते.

पोट्टं नंबर वन

दाजीले म्हना, उरलेले हजार डीएपी खताले लावा 😀 फॉर्म लॉक करायच्या आधी इथं यादी टाका भाऊ, क्रम पाहून देतो.